गळतीची नोंदवही

पाणी वाढवायचं म्हणून
आधी उतरवलं.
शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला
अख्खा उन्हाळा धरण रिकामं;
भेगाळल्या गाळात कुणाच्या तरी जात्याची
खालची तळी तेवढी उघडी पडली.

मी गेज वाचतो. बावीस वर्षं.
पायथ्याच्या चरात पत्र्याची खाच,
तिच्यातून पडेल ते लिहायचं:
तारीख, पातळी, मिनिटाला लिटर किती.
माझ्या आधीच्या उखर्डू आबानं शिकवलं,
'धरन गयस, त्यानं भ्याव नही.
पानी चोखं शे ना, मंग निजी जाय.
गढूय उनं, ते मातर पय.'
पळ म्हणजे जीव घेऊन नव्हे,
खालच्या तिन्ही गावांच्या दिशेनं.

खैरनार मॅडम म्हणाल्या, सव्वा मीटर चढवायचंय,
पण त्याआधी पोट बांधू.
पायथ्याशी वाळूचा गाळणा घातला,
वाळू पापडाच्या पिठासारखी चाळून घेतली.
ठेकेदार कुरकुरला,
एवढ्यात माझे दोन मजले उठले असते.

वरच्या अंगाला नव्या पातळीची लाल रेघ
रेलसिंग पावराच्या मोहावर आली.
त्यानं बोट लावलं, बोटाला रंग लागला.
'इथपर्यंत?'
'इथपर्यंत.'
मोबदल्याच्या यादीत: मोह, एक नग.

भादव्यात भरायला घेतलं.
वीतभर चढव, तीन दिवस थांब,
पुन्हा वीतभर.
चौथ्या थांब्याला, रात्री दीड वाजता
खाचेतून दुधाळ पाणी आलं.

फोन केला. पायात चप्पल सरकवली,
भोंग्याच्या बटणावर अंगठा ठेवला, दाबला नाही.
मॅडम मोटारसायकलवर आल्या,
गाऊनवर रेनकोट.
दर पाव तासाला एक बाटली भरायची,
बॅटरीसमोर धरायची, कठड्यावर मांडायची.
पहिली चहासारखी.
तिसरीही चहासारखीच.
पाचवीपाशी दोघंही बोलेनासे झालो.
सातवीतून पलीकडे
नोंदवहीतली माझीच अक्षरं वाचता आली.

नव्या वाळूची धूळ होती ती,
धुऊन गेली.
मॅडम पायरीवर बसल्या
आणि माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी मागितली.

आता मोह गुडघाभर पाण्यात.
लाल रेघ बुडायला दोन बोटं उरलीत.
रेलसिंग रोज येतो, तिकडे बघून घेतो,
मग चरापाशी उतरून मला विचारतो,
पाणी चोखं आहे ना?
त्याच्या गावाला या गळतीचं काही भय नाही,
ते वरच्या अंगाला.
तरी विचारतो.

आहे, म्हणतो मी,
आणि वहीत मान घालून
लिटर लिहितो.