शिफ्ट धरून ठेव

देपालपूरच्या पहिल्या बसने येतात भालचंद्र मुळे,
मंगळवारी आणि शनिवारी,
गंगवाल स्टँडवर उतरून चालत.
रिक्षाचे पैसे त्यांनी मनातल्या मनात
आधीच दुसरीकडे लावलेले असतात.

मी सहायता खिडकीत बसते. कंत्राटी.
समोर काच, काचेला हाताएवढं भोक.
भोकातून कागद आत येतात,
आणि कागदांबरोबर थोडा वास:
बसचा, स्पिरिटचा,
रात्रभर उशाला घेतलेल्या पिशवीचा.

त्यांचं रेशनकार्ड म्हणतं मुळे.
इलाजाचं कार्ड म्हणतं मुले.
भरणाऱ्याच्या बोटांत ते अक्षरच नसेल.
भोपाळच्या संगणकाने विचारलं, हे दोघे कोण?
आम्ही त्याला भोपाळ म्हणतो,
तो स्वतःला भोपाल म्हणवतो,
त्याच्याकडे कुणी शपथपत्र मागत नाही.

मुळे हसले. एकही मूल नाही हो आम्हाला,
आणि कार्डावर बघा.
कुमुदताई हसल्या नाहीत.
त्यांनी पिशवीतून विजेचं बिल काढलं,
ते सासऱ्यांच्या नावावर,
आणि आडनावाच्या जागी चहाचा डाग.

मशिनी सहा. चालू चार.
पाचवीला एक सुटा भाग हवा.
त्याची फाइल दिवाळीत गेली,
पैसा मार्चमध्ये आला
आणि एकतीस तारखेच्या संध्याकाळी परत गेला,
चपलासुद्धा न काढता.
सहावीच्या अंगावर अजून प्लास्टिक आहे.
तिचं उद्घाटन व्हायचंय.
तीन शिफ्ट चालतात. तिसरी संपते
तेव्हा देपालपूरला जायला काहीच नसतं.

मी लिहिलं, महोदय,
रोगी कल्याण समितीच्या निधीतून
निदान दोन वेळचं डायलिसिस मंजूर व्हावं.
महोदय रजेवर होते.
त्यांच्या जागेवरच्या मॅडमनी पेन शोधलं,
सापडलं नाही, माझं घेतलं,
सही केली, पेन ठेवून घेतलं.
एवढ्या स्वस्तात इथे वर्षभरात
दुसरं काहीच झालेलं नाही.

पण दोनच वेळा. तिसऱ्या वेळेला कार्ड.
कार्डाला ळ.

रिजवान ऑपरेटर म्हणाला,
मॅडम, ये अक्षर कीबोर्ड में है ही नहीं.
रांगेतल्या फुलीबाई माळवीत काही बोलल्या.
त्यांच्या बोलण्यात तो होता,
घरचा, पिकलेला, जिभेवरून मागे वळणारा.
त्यांच्याही कागदावर तो कधी आला नसणार.
मी रिजवानच्या खुर्चीमागून वाकले.
म्हटलं, शिफ्ट धरून ठेव. आता ल दाब.

आलं.

तो बघत राहिला.
सात वर्षं ज्या बटणावर बोट पडत होतं
तिथेच दुसरंही कुणी राहत होतं,
दार वाजवायचं फक्त ठाऊक नव्हतं.

दुरुस्त कार्ड एकवीस दिवसांनी आलं.
मधले दिवस कसे गेले
ते कुमुदताईंच्या हातात दिसत होतं.
मी बांगड्यांकडे बघितलं नाही.

मुळ्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं.
हॉलमधला पंखा ते येता-जाता ऐकायचे,
डॉक्टर छाती ऐकतात तसा.
एका शनिवारी भाच्याला स्टुलावर चढवलं,
स्वतः बाकावर बसून, डाव्या हाताला पट्टी,
उजव्या हाताने सांगत राहिले.
तार इकडून घे. हळू. ती तापलेली नको.
पाऊण तासात पंखा लागला,
नि बाकावरच्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकदम उडाल्या.

मी रजिस्टरात नोंद केली:
देणगी, भालचंद्र मुळे, पंखा दुरुस्ती, रक्कम शून्य.
ऑडिटवाल्याने शून्याभोवती
लाल पेनाने गोल काढलाय
आणि समासात लिहिलंय, खुलासा द्यावा.

अजून दिलेला नाही.