खाच

रूबेच्या सप्टेंबरातल्या जुन्या बाजारात
कान तुटलेल्या कपांच्या मागे एक बिस्किटांचा डबा.
आत तीन काळ्या डब्या, अनारशाएवढ्या,
आणि एक चिठ्ठी, शाळकरी वळणाची :
'झेलीला फक्त रविवारी. हँडल मी फिरवीन.'
आत्याच्या माळ्यावरचं, विकणारा म्हणाला. चार युरो.
झाकण बसत नाही, मी म्हणाले. मग तीन.
आत्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

साडेनऊ मिलिमीटरची फिल्म. भोकं कडेला नाहीत, मधोमध,
दोन चित्रांमध्ये एकच,
दोन घरांत मिळून एक आड असावा तसं.
यंत्र ओक्तावकडे होतं. ओक्ताव देलफॉस,
एकतीस वर्षं गिरणीत मागांचा मिस्त्री.
गिरणीचे आता फ्लॅट झाले
तरी दुपारी दोनला पाळी बदलल्यासारखा उठतो.
त्यानं दात्यांना तेल घातलं,
भिंग थुंकी लावून पुसलं
(मी पाहिलं नाहीसं दाखवलं)
आणि उशीचा अभ्रा भिंतीला टाचला.

पहिल्या डबीत कुणाची तरी समुद्रावरची सुट्टी.
दुसरीत नुसती बुरशी.
तिसरीत ती.

एक हंसीण. नोकरी : रस्त्यावरचे दिवे लावणे.
खांद्यावर शिडी, चोचीत पेटती काडी,
हात इतका कच्चा चितारणाऱ्याचा
की दर पावलाला शिडीच्या पायऱ्या कमीजास्त.
ती एक दिवा लावते, मागचा विझतो.
वळून तो लावते, तर पुढचा हसतो आणि विझतो.
कुणी काढली, कुठल्या साली, काही नाही;
सुरुवातीची पाटीच तुटून गेलेली.
ओक्ताव हँडल फिरवत खिदळतो, खोकतो,
खोकल्याबरोबर हंसीणही अडखळते.

मग ती थांबली.
ओक्तावचा हात फिरतच होता.
शिडी आडवी पडलेली, ती फुटपाथच्या कडेवर,
पंख मांडीवर (हंसिणीला मांडी कुणी दिली देव जाणे)
आणि सरळ आमच्याकडे बघत.
हँडलचे आठ फेरे, काहीच घडलं नाही.
मग उठली, शिडी उचलली, चालू लागली.

ही सोय पाट्यांसाठी असायची, ओक्ताव म्हणाला.
फिल्मच्या कडेला बारीकशी खाच,
तिथं यंत्र आपणहून थबकतं,
अक्षरं वाचून होतात, फिल्म वाचते.
पण इथं अक्षर नव्हतं एकही.
त्यानं फिल्म बाहेर काढली, नखानं चाचपली.
ही कारखान्यातली नाही. वाकडी आहे.
नखांच्या कानशीनं घासलीय कुणीतरी,
दोन-तीनदा, भीत भीत.

म्हणजे कुठल्याशा रविवारी
कुणाला तरी तिनं दिवे लावायला नको होते.
बसायला हवी होती, एवढंच.
झेलीला? की हँडलवर हक्क सांगणाऱ्या त्या दुसऱ्या पोराला?

पुन्हा लाव, मी म्हणाले.
पाचव्यांदा ती खाचेतच तुटली.

ओक्ताव कात्री घेऊन तयार.
जोडतो, एक चित्र जाईल फार तर,
तेराशेतलं एक, कोण मोजतंय?
मी बोलले नाही.
त्यानं कात्री ठेवली, रुमाल काढला,
भिंग पुन्हा पुसलं, या वेळी कोरड्यानं.

आता दोन पाकिटं आहेत माझ्याकडे :
तिच्या बसण्यापर्यंतचं, तिच्या उठण्यानंतरचं.
पहिल्यातल्या तुकड्याच्या फाटक्या टोकाशी ती.
रविवारी तो खिडकीच्या काचेवर धरते.
बाहेर दिवे लागतात, सगळे एकदम, कुणी न लावता.

जिन्यातून ओक्ताव ओरडून विचारतो,
बसलीय ना अजून?
बसलीय, मी सांगते.