दोन ते साडेतीन

हॉल आमचा, शुक्रवारी, दोन ते साडेतीन.
आधी तमिळ मंडळी, नंतर तेलुगू.
आम्ही शिरतो तेव्हा खुर्च्या
अजून तमिळमध्येच उबदार असतात
आणि पेटीच्या भात्यात कुणाची तरी अर्धी ओळ
श्वास रोखून बसलेली.

हे आधी फळा पुसतात. जुनी सवय.
चौतीस वर्षं हेडमास्तर होते,
खडूशिवाय यांना देव समजावता येत नाही.
सहासष्टाव्या वर्षी मंडळाने विचारलं, मस्कतला जाल का?
मी गुडघ्याला तेल चोळत होते.
म्हटलं, तिथे जिने असतात का ते विचारा आधी.

जिने आहेत. बेचाळीस पायऱ्या.
रुवीत, लाँड्रीच्या वर दोन खोल्या.
एसीचं पाणी बादलीत थेंबथेंब साठतं,
त्यावर तेलाच्या डब्यातला कढीपत्ता जगतो.
सकाळी हे माझी साखर तपासतात, मी यांचं बीपी.
आकडे एका वहीत जातात,
त्याच वहीच्या मागच्या पानांवर नावं:
ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे तो,
जिला रात्री अकराशिवाय फोन हाती मिळत नाही ती,
आणि जिंतूरचा सुतार, ज्याला काहीच नको,
आठवड्यातून एकदा कुणीतरी
'जेवलास का रे' म्हटलं की झालं.
प्रार्थनेला कधी वही उलटी उघडते
आणि हे डोळे मिटण्याआधी, अगदी गंभीरपणे,
माझी उपाशीपोटीची साखर देवापुढे मांडतात.

भिंतीवरचं घड्याळ मी जालन्याचं ठेवलंय.
यांच्या मनगटावर इथलं.
मधे दीड तास.
माझा राग यांना कळतो तोही तेवढ्याच उशिराने.

एकदा मी हिशोब घातला:
आम्ही दोनला बसतो तेव्हा तिकडे साडेतीन.
आशीर्वचन घेऊन उठतो तेव्हा इथे साडेतीन.
म्हणजे अख्खी उपासना चालून आम्ही पोचतो
तिथवर, जिथे घर आम्ही बसतानाच होतं.
घर तोवर पुढे गेलेलं.

त्या शुक्रवारी पिशवीत फोन थरथरला.
भाच्याचा निरोप. प्रेमलाताई गेली,
चार वाजून दहा मिनिटांनी.

मी समोर पाहिलं.
हॉलच्या घड्याळात तीनला दहा कमी.
चार-दहा अजून व्हायचे होते.
म्हणजे या देशात ताई अजून होती,
आणखी एक तास वीस मिनिटं,
पाठीशी उशी उभी करून
माझ्या पत्रातलं ऱ्हस्व-दीर्घ काढत.

कुणाला बोलले नाही.
हे फळ्यावर गालीलचा समुद्र काढत होते,
नेहमीसारखा भोपळ्याएवढा नि भोपळ्यासारखा.
मी झांज उचलली. एक ठोका चुकला.
पुढच्या रांगेतली नर्स वळून बघायला लागली
तशी मी चष्मा पुसायला काढला.

साडेतीनला खुर्च्या सरळ केल्या.
तेलुगू बाया पोरं काखोटीला मारून दारात होत्याच.
एकीने माझ्या हातातला झाडू काढून घेतला;
का, ते तिलाही माहीत नसावं.

मागच्या लिंबाखाली हे केस कापायला बसतात.
कॅम्पच्या पोरांचा सलूनचा रियाल वाचतो,
आणि मान खाली घालून बसलं की
मुलं बायकोबद्दल बोलतात.
चहा गाळता गाळता मी सांगितलं. वेळेसकट.
हे काही म्हणाले नाहीत.
मनगट उलटं करून पाहिलं. चारला चार कमी.
कात्री घनसावंगीच्या पोराच्या कानामागून
चालत राहिली.

मग चार-दहा झाले.

कात्री हवेत थांबली.
यांच्या बाहीवर केस, माझ्या हातात गाळणी,
गाळणीतला चोथा वाफाळत होता.
पोराला वाटलं, आटपलं. त्याने मान झटकली,
डोक्यावरून हात फिरवला.
"झालं का, बाबा?"

"थांब," हे म्हणाले,
"अजून एक बाजू राहिलीय."