आधीचा आवाज

लिएपायात, पाचव्या मजल्यावर, विस्वाल्दिस यांच्याकडे
महिन्यात तिसऱ्यांदा गेलो.
दार उघडता उघडता म्हणाले, "परत गेला.
मघाशीच, पत्र लिहिताना."
माणसाबद्दल सांगावं तसं.

आयुष्यभर पियानो जुळवले त्यांनी:
शाळांचे, चर्चमागच्या सभागृहांतले,
नौदलाच्या मेसमधला एक, ज्यात कुणीतरी बिअर ओतली होती.
आता कानात मशीन आहे, तरीही
कॉम्प्युटरचा पंखा सुरू झाला की बोट वर करतात:
"कालच्यापेक्षा उतरलाय. पाव सूर."
मी मान डोलावतो.
मला काल आणि आज सारखेच घरघरतात.

"सगळं पुसावं लागेल," मी म्हणालो.
हे वाक्य मी आठवड्यातून चारदा म्हणतो,
केस कापणारा जसा विचारतो, मागून बारीक करू का.
ते खुर्चीत बसले.
"सगळं म्हणजे?"
"आधी काढून घेऊ. काय काय ठेवायचं सांगा."

पेन्शनचे कागद. समुद्राचे फोटो, बहुतेक वाकडे.
आणि एक फोल्डर, नाव: हात लावू नये.
आत चौदाशे बारा आवाज.

एक लावला.
कुठल्याशा स्वयंपाकघरात पातेलं ठेवल्याचा ठण्ण,
मग पांढऱ्या पट्ट्या एकामागून एक, खालून वर,
मधली एक मुकी, वरच्या तीन रडक्या,
आणि मागे कुणी बाई कुत्र्याला गप्प करतेय.
"हा तर बेसूर आहे."
"सगळेच आहेत. हत्यारं काढायच्या आधी
रेकॉर्डर लावायचो.
जुळवल्यावर काय, सगळे सारखेच.
मग कुठलं घर, मला ओळखू यायचं नाही."

कॉपी व्हायला पन्नास मिनिटं लागली.
तेवढ्यात काळा पाव आणि कांदा खाल्ला.

मग पेनड्राइव्ह. निळा पडदा विचारत गेला:
भाषा कोणती, देश कोणता,
डिस्कवरचं सगळं जाईल, नक्की?
मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी खिडकीकडे.
बंदरातली क्रेन अर्ध्यावर थांबली होती.
"दाब."

कॉम्प्युटर कोण वापरणार? नाव टाका.
"काय टाकू?"
"आधी काय होतं?"
"सानिता."
आयर्लंडात मशरूमच्या शेडमध्ये कामाला गेलेली मुलगी.
मशीन तिचंच; वायर नीट गुंडाळून ठेवून गेली,
त्याला अकरा वर्षं झाली.
"मग तेच असू दे.
तिला सांगू नकोस फक्त."

नऊ वाजता सगळं तयार: कुठलीतरी हिरवी टेकडी,
कोपऱ्यात कचऱ्याची टोपली, रिकामी.
लख्ख, आणि कुणाचंच नाही.
फोल्डर परत ठेवला, जॅकेट चढवलं.
चेन गळ्यापर्यंत येते तोच
टेकडीच्या मधोमध एक रेघ उभी राहिली
आणि सगळं गोठलं.

दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला.
महिनाभर मी पखालच टोचत होतो.

झाकण उघडलं. मेमरीच्या दोन पट्ट्या.
एक उपसली, चालू केलं: रेघ.
ती लावून दुसरी उपसली.
थांबलो. किटली उकळली, निवली.
रेघ आली नाही.

"अर्ध्या मेमरीवर चालवावं लागेल," मी म्हणालो,
"हळू चालेल."
वाटलं, यावर काहीतरी बोलतील.
या वयाची माणसं बोलतात.
ते म्हणाले, "पंखा ऐक."
मी ऐकला.
"चढला का?"
"छे. तसाच आहे, पाव सूर खाली.
त्याला काही करू नकोस."

पैसे घेतले नाहीत म्हणून
वर्तमानपत्रात गुंडाळून धुरावलेला कॉड दिला.
एका खिशात तो, दुसऱ्यात खराब पट्टी,
नखाएवढीही जड नाही.

तिसऱ्या मजल्यावर जिन्यातला दिवा गेला.
चाचपडत उभा राहिलो तेव्हा वरून,
भिंत हलेल एवढ्या मोठ्यानं,
पट्ट्या चढत आल्या, एक वाजलीच नाही,
आणि ती बाई अजून
कुत्र्याला गप्प करत होती.