दोन ठिपके

आमच्या टाइपरायटरला ते दोन ठिपके नव्हते
जे हेवी मेटलवाले आपल्या नावातल्या ओ-वर, यू-वर देतात,
उच्चारासाठी नव्हे, नुसता दरारा वाटावा म्हणून.
इरेक म्हणाला, तुझं नेलपॉलिश आण.
काळं नव्हतं. सत्याऐंशी साली झाब्झेत
काळं कुठून मिळणार?
गुलाबी होतं.
म्हणून आमच्या पहिल्या नोंदवहीत
जगातल्या सगळ्यात काळ्या बँडांच्या डोक्यावर
दोन-दोन गुलाबी ठिपके आहेत.
झेरॉक्समध्ये ते काळेच उमटायचे.

नोंद अशी: नाव, गाव, साल, कोण काय वाजवतं,
कॅसेटी किती, आणि शेवटी, चालू की संपले.
वडील खाणीतून यायचे, पापण्यांच्या कडांना कोळसा
सुरमा घातल्यासारखा,
बूट काढता काढता विचारायचे, आज किती मेले?
दोन, इरेक सांगायचा.
एक लग्नामुळे, एक सैन्यभरतीमुळे.

आई खाणीच्या कचेरीत. झेरॉक्स यंत्र कुलपात,
किल्ली साहेबाकडे, साहेबाला हवी कॉफी,
कॉफी पाठवायचा हॅम्बुर्गचा एक पोरगा
ज्याला ग्दान्स्कच्या कुठल्याशा बँडची कॅसेट हवी असायची.
एवढा द्राविडी प्राणायाम, तेव्हा चाळीस प्रती.
तिकिटांवर आम्ही साबण चोळायचो,
म्हणजे टपालाचा शिक्का धुतला जाई.
एक तिकीट चिलीला तीनदा जाऊन आलं.
मी अजून गेलेली नाही.

नियम एकच, इरेकचा: रेकॉर्डिंग असेल तर नोंद.
वाजवलं, गाव हादरलं, पोलीस आले,
ते सगळं ठीक. कॅसेट दाखवा.

अमुक बँड हेवी मेटल की नुसताच मोठ्या आवाजाचा रॉक
यावरून युवेस्कुलाचा दंतवैद्य आउलिस
आणि कन्सेप्सिओनचा रेनान
सात वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.
कीबोर्ड होता त्यात, एवढंच कारण.
दोघंही मलाच पत्रं लिहायचे.

एकदा ओस्त्रावाहून पाकीट आलं, बाईचं अक्षर:
माझ्या मुलाची ही एकच कॅसेट. ड्रम त्याचे.
आवाज खराब आहे, मला त्यातलं काही कळत नाही.
तो आता नाही. तुमच्यात घ्याल का?
इरेकने दोन्ही बाजू ऐकल्या, न थांबता.
दुसऱ्या बाजूला गाण्याच्या मध्येच दार उघडतं
आणि कुणीतरी विचारतं, जेवायला येताय का रे?
त्याने टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली.
मग नोंदीत शेवटची ओळ टाइप केली:
इतर आवाज, आई.

इरेकला जाऊन तीन वर्षं झाली. फुप्फुसं.
खाणीत एक दिवसही न उतरता.

त्याचाही बँड होता. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत,
वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध.
अर्धा आवाज चादरीच पिऊन टाकायच्या.
तीन गाणी. रेकॉर्ड एकही नाही,
कारण घरात टेपरेकॉर्डर एकच
आणि तो दिवसरात्र दुसऱ्यांच्या कॅसेटींच्या प्रती काढण्यात.

आम्ही मत घेतलं. एकदाच नियम मोडू,
रेनानने लिहिलं, एकदाच, त्याच्यासाठी.
चार विरुद्ध तीन. नोंद नाही.
चौथं मत माझं.
रेनान माझ्याशी बोलत नाही.
आउलिसशी मात्र आता बोलतो म्हणे.

आमचं आडनाव स्कोव्रोन. शेवटच्या अक्षरावर
छोटी तिरकी रेघ हवी, नाहीतर ते
दुसऱ्याच कुणाचं आडनाव होतं.
दगडावर कोरणारा ती विसरला.
मंगळवारनंतर बघू, म्हणाला, यंत्र आणावं लागेल.
कुठला मंगळवार ते सांगितलं नाही.

काळं आता कुठेही मिळतं.
पण थंडीत टिकत नाही, पापुद्रे सुटतात.
दर नोव्हेंबरला मेणबत्त्यांबरोबर
बाटलीही नेते.