दोनशे सात

गॅरेजच्या भिंतीवर, बर्फाच्या फावड्याच्या वर,
दोन खिळ्यांवर आडव्या टेकल्यात बाबांच्या स्की.
दोनशे सात सेंटिमीटर.
टोकापासून शेपटीपर्यंत जवळजवळ सारख्याच रुंद,
नाकासमोर चालणाऱ्या.

तेव्हा माप असं घेत :
हात सरळ वर करा,
मनगटापर्यंत पोचते ती तुमची.
बोहिंजचा प्रशिक्षक ओझबाल्ट कोरेन
दर डिसेंबरात पोरांची रांग उभी करी हात वर करून,
जणू अख्खं गाव शरण आलंय.
त्या रांगेत मीही असे, शेवटून दुसरी.

मग वळण.
आधी गुडघ्यांत वाकायचं, काठी टोचायची,
अंगाचा भार वर भिरकावायचा,
आणि तो खाली यायच्या आत
टाचांनी शेपट्या बाहेर ढकलायच्या.
पाय जुळलेले. गुडघ्यांत धरलेली नोट पडता कामा नये.
(खरंच धरायला लावत. शंभर दिनारची,
आईच्या पाकिटातली. एकदा वाऱ्याने नेली,
आठवडाभर घरात कुणी बोललं नाही.)
मागे उरायचा खरवडलेला पंखा,
लोण्यावर आडवी सुरी फिरवल्यासारखा.

नवी जोडी गाश्परने आणली, कारखान्यातून, पोत्यात गुंडाळून.
हनुवटीलाही जेमतेम पोचणारी,
टोकाला फुगलेली, मध्ये कमरेत आवळलेली.
बाबा म्हणाले, हिने सूप ढवळा.

मी नेली वर.
घोट्यांतून कलले. नुसती कलले.
उडी नाही, ढकलणं नाही.
स्की पायाखाली धनुष्यासारखी वाकली
आणि तिच्या कमरेतल्या त्या खोलीनेच
वाट ठरवली.
मला इतकंच करायचं होतं : मध्ये पडायचं नाही.
थांबून मागे पाहिलं.
दोन रेघा. पेन्सिलीच्या.
एकही खोडलेली नाही.

बाबांनी साठी उलटल्यावर बांधल्या त्या, कुणी बघत नसताना,
आणि पहिल्याच वळणावर आपटले.
सवयीने उडाले, खाली येताच धार चावली.
पाय जुळवले, तर टोकं एकमेकींवर चढली.
जे येत होतं
तेच आडवं येत होतं.

पाय फाका, बाबा. कमरेएवढे.
उडू नका.
कलल्यावर घाई नको, वाट बघा.
हे मी सांगत होते.
त्यांना.
कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या,
थंडीने म्हणू या.

आता माझ्या वर्गातली पोरं आठवड्यात रेघ काढतात.
सुंदर, सुसाट.
थांबता येत नाही.
टेकडीच्या अर्ध्यात कुणी आडवं आलं
तर रेघेला पुसता येत नाही स्वतःला.
गुडघ्याचा डॉक्टर मला नावाने ओळखतो.

एका फेब्रुवारीत, लिफ्ट बंद पडली त्या दुपारी,
धुकं इतकं की स्वतःचे बूट दिसेनात,
खाली काचेसारखा बर्फ.
माझी धार धरेना.
पुढे कुठेतरी आवाज आला, खर्र, मग दुसरीकडे खर्र,
टाचांनी ढकललेल्या शेपट्यांचा,
शंभर दिनारचा, जुना.
मी त्या आवाजामागून उतरले.
वरपासून खालपर्यंत. दहा मीटरही दिसत नव्हते.
खाली पोचल्यावर ते म्हणाले,
भूक लागली असेल तुला.

आता तेही रेघा काढतात. दोन, स्वच्छ.
फक्त प्रत्येक वळणाच्या सुरुवातीला
हातभर जागा खरवडलेली असते,
बोरू सोडून बॉलपेन धरलं तरी
अक्षराला राहतं ना एखादं जुनं वळण, तशी.
पहाटे उतार रिकामा असतो.
तेवढ्यावरून कळतं मला
माझ्याआधी कोण उतरलं.