तीनच्या आत

गेल्या खेपेला आम्ही घेतली अकराशे सहा,
आणि खैरमोडे पडला चारशे बारांनी.
तेव्हापासून कन्नमवार नगरात आमचं नाव मतखाऊ.
खाल्ली म्हणे.
आमच्या कचेरीत चहासोबत खारी मागवायची
तर इंदुताई डबा पालथा करून चिल्लर मोजतात.

यंदा तीन रात्री भायखळ्याला बसलो,
टपाल कामगारांच्या युनियनच्या माडीवर, एकाच सतरंजीवर.
वीस वर्षं एकमेकांना दलाल म्हणणारे
एकमेकांना तंबाखू मळून देत होते.
नकाशावर पेन्सिल फिरली: इथे तुम्ही, इथे आम्ही,
इथे कुणीच नाही,
इथे दोघंही, हट्टाने.
गोवंडीचे नसीम मास्तर, शिंपी माणूस, म्हणाले,
"जोड द्यायचा तर कापड दोन्हीकडून आत दुमडावं लागतं.
अर्धा इंच यांचं, अर्धा इंच तुमचं.
नंतर दिसत नाही. पण जातं."
कुणी टाळी वाजवली नाही.
कागदावर सह्या झाल्याच नाहीत,
कारण पहिल्याच ओळीत "पुरोगामी"च्या आधी
"सर्व" लावायचं की "खरे", यात उजाडलं.

आज मी विक्रोळीत, माझा अर्ज मागे घ्यायला.
तुपसौंदर मानखुर्दच्या कार्यालयात, त्याचा मागे घ्यायला.
दोन पस्तीसला फोन लावला.
"घेतलास?" तो म्हणाला.
"तू?"
"म्हणजे, तू घेतलास की लगेच."

दोन सेहेचाळीस. फोन कानालाच.
त्याच्याकडचा पंखा ऐकू येतो, कुणाचं तरी खोकणं.
पेनाचं टोपण मी तीनदा काढलं, तीनदा लावलं.
पलीकडेही टक् झालं.
मी नाहीच केली सही तर?
आलं मनात. त्याच्याही आलं असणार,
इतक्या वर्षांत दोघांच्या मनात एकच गोष्ट
एकाच वेळी आली ती ही.

मला आठवत राहिल्या टागोर नगरच्या शेवंताबाई,
मागच्या वेळी काठी टेकत चार मजले उतरून आलेल्या,
आमच्यासाठी, फक्त आमच्यासाठी.
त्यांना आता काय सांगू,
कुठलं बटण?

दोन त्रेपन्न. टेबलामागच्या बाईंनी शिक्का उचलला.
"बोला लवकर. जेवायचंय मला अजून."
मी सही केली.
फोन कागदाजवळ धरला,
शिक्का त्याला ऐकू जावा म्हणून.
ठप्प.

पलीकडे पंखा.
पंखा.
मग तुपसौंदर, हलक्या आवाजात:
"थांब गं, इथल्या पॅडची शाई वाळलीये."

दोन सत्तावन्न.
पायाशी पोतं, मागच्या वेळच्या उरलेल्या
दोनशे प्लास्टिकच्या शिट्ट्यांचं.
उगाच हात घातला आत.
एकेका शिट्टीत एकेक वाटाणा,
अजून सुटा.